तबकडीतला ठेवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींसमोर झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी आपल्या मंडळात आजवर चांगले चांगले विषय झाले. आहार झाला, आरोग्य झाले, मृत्युपत्र कसे करावे हेही झाले. यंदा मी ‘घरातल्या तबकड्यांची निगा’ हा विषय सांगितला तेव्हा चिटणीसबाई क्षणभर थांबल्या. “तबकड्या म्हणजे सीडीच ना? अहो, हल्ली सीडी लावते कोण?” असे त्यांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न रास्त आहे. हल्ली कोणी लावीत नाही, म्हणूनच मी हा विषय घेतला. रोज हाताळली जाणारी वस्तू बिघडली तर त्याच दिवशी कळते. कपाटाच्या तळाशी पडलेली वस्तू बिघडली तर कोणालाच कळत नाही, आणि कळते तेव्हा पुष्कळदा वेळ निघून गेलेली असते.

आता प्रत्येकीने आपापले कपाट डोळ्यांसमोर आणावे. लग्नाचा अल्बम, त्याच्या खाली चौकोनी डबीत किंवा नुसत्याच कागदी पाकिटात दोन-तीन सीडी. मुलाची मुंज, मुलीचे डोहाळजेवण, मामंजींची साठीशांत, नातवाचे बारसे. त्याआधीच्या पिढीची लग्ने फोटोत आणि कॅसेटवर आहेत, त्यानंतरची फोनमध्ये आहेत. मधली पंधरा-वीस वर्षे, साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची, ही मात्र तबकडीवर आहेत. त्या वर्षांत जी माणसे हसली, बोलली, उखाणे घेत लाजली, त्यांतली कितीतरी आज आपल्यात नाहीत. त्यांचा आवाज उरला आहे तो त्या डबीत. तेव्हा हा विषय यंत्राचा दिसला, तरी खरे म्हणजे आपल्या माणसांचा आहे.

वस्तूची घडण समजली की तिची निगा आपोआप सुचते, म्हणून आधी थोडे घडणीविषयी सांगते. हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनी मिळून सीडी तयार केली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. डीव्हीडी १९९६ मध्ये आली, ब्लू-रे २००६ मध्ये. तिघींचा आकार एकच, १२ सेंटिमीटर व्यास आणि १.२ मिलिमीटर जाडी. परंतु सीडीत ७०० मेगाबाइट मजकूर मावतो, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट. पान तेच ठेवून अक्षर बारीक करीत गेले, असे समजा. सीडीचे अक्षर तरी कुठे टपोरे आहे? मजकुराची एकच रेघ मधून निघून चकलीसारखी गोल गोल बाहेर जाते. दोन फेऱ्यांतले अंतर इतके कमी की एका मिलिमीटरमध्ये सहाशेहून अधिक फेरे बसतात. ती रेघ उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. म्हणजे आपल्या बोटाचा एक ठसा उमटला की तो हजारो फेऱ्यांवर एकदम पडतो.

सीडी ही पॉलिकार्बोनेट नावाच्या पारदर्शक प्लास्टिकची चकती असते. मजकूर तिच्या वरच्या अंगावर, त्यावर आरशासारखा धातूचा अगदी पातळ थर, त्यावर रोगणाचा एक हात आणि त्यावर छापलेले नाव. यंत्रातला लेसर किरण खालून प्लास्टिकमधून आत जातो, मजकूर वाचतो आणि आरशावर आपटून परत येतो. आता गंमत पाहा. आपण सगळ्याजणी खालची चकचकीत बाजू जपतो आणि नावाच्या बाजूने तबकडी टेबलावर आपटतो. सीडीच्या बाबतीत खरी नाजूक बाजू नावाचीच आहे. खालून ओरखडा पडला तर तो जाड प्लास्टिकवर पडतो आणि पुष्कळदा निभावून जातो. वरून ओरखडा पडला तर रोगणासकट आरसाच निघून येतो, आणि आरसा गेला की तेवढा मजकूर गेला. तो कोणालाही परत आणता येत नाही. डीव्हीडीची रचना जरा निराळी आहे. तीत दोन पातळ चकत्या सांजाच्या पोळीसारख्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि मजकूर मधोमध असतो. म्हणून ती वरून थोडी सुरक्षित, पण वाकवली तर चिकटलेले थर सुटू लागतात. डबीतून तबकडी काढताना कडेला धरून ओढू नये, मधली खुंटी दाबून ती आधी मोकळी करावी, असे सांगतात ते याचसाठी.

याहूनही महत्त्वाचा भेद पुढे आहे. दुकानातून विकत आणलेली गाण्यांची सीडी कारखान्यात साच्यातून काढलेली असते. तिच्यातले खळगे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. स्टुडिओवाल्याने आपल्याला दिलेली लग्नाची तबकडी मात्र लिहिलेली असते. तिच्यात एका रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर ठिपके पाडून मजकूर लिहिला जातो. उलटी करून पाहा. खालची बाजू रुपेरी दिसली तर बहुधा साच्यातली, निळसर, हिरवट किंवा जांभळट दिसली तर लिहिलेली. एक कोरलेल्या तांब्याच्या ताटासारखी, दुसरी रंगवलेल्या चौरंगासारखी. रंग म्हटला की तो उन्हाने विटणार आणि काळाने फिका होणार. आपल्या दृष्टीने अमोल असलेल्या जवळजवळ सर्व तबकड्या या दुसऱ्या जातीच्या आहेत. सिनेमाची सीडी गेली तर दुसरीकडे मिळेल. आपल्या घरच्या मंगळागौरीची कुठून मिळणार?

मग ही तबकडी टिकते तरी किती? कॅनडियन कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूट या संस्थेने चांगल्या हवेत ठेवलेल्या तबकड्यांचे अंदाजी आयुष्य दिले आहे. गाण्यांची छापील सीडी ५० ते १०० वर्षे. लिहिलेल्या सीडीत सोन्याचा थर आणि उत्तम रंगद्रव्य असेल तर १०० वर्षांहून अधिक, पण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या कित्येक प्रकारांना २० ते ५० वर्षे. चांदीच्या थराची डीव्हीडी-आर १० ते २० वर्षे. दोन थरांची लिहिलेली डीव्हीडी आणि लिहिलेली ब्लू-रे, ५ ते १० वर्षे. हा अंदाज आहे, पत्रिका नव्हे. एखादी तबकडी त्याहून जास्त जगेल, एखादी लवकर जाईल. तरी हिशेब करून पाहा. ज्यांच्या मुलीचे लग्न २००५ साली झाले आणि त्याची डीव्हीडी झाली, तिची वीस वर्षे २०२५ मध्येच भरली. शिवाय नवी वस्तू जुनीपेक्षा जास्त टिकेल ही आपली समजूत इथे खोटी ठरते. साध्या सीडीपेक्षा नंतरची डीव्हीडी अल्पायुषी निघाली.

आणखी एक खोच आहे. जुनी कॅसेट बिघडू लागली की खरखर ऐकू यायची, आवाज जाडाभरडा व्हायचा, आपल्याला सूचना मिळायची. तबकडी अशी सूचना देत नाही. तिच्यात मूळ मजकुराबरोबर थोडा जादा हिशेबही लिहिलेला असतो. वाण्याच्या यादीतला एक आकडा पुसला गेला, पण एकूण बेरीज ठाऊक असली, तर पुसलेला आकडा आपण काढू शकतो की नाही? तसेच यंत्र गेलेला मजकूर हिशेबाने भरून काढते. सीडीवरची सलग सुमारे अडीच मिलिमीटर रेघ वाचता आली नाही तरी ते अचूक भरते आणि आपल्याला काही कळू देत नाही. पण यादीतले चार आकडे पुसले तर बेरीज काय कामाची? तशी एक मर्यादा ओलांडली की तबकडी एकाएकी अडते. काल लावली तेव्हा उत्तम चालली, आज ‘तबकडी घाला’ असा संदेश येतो. “आमची अजून छान चालते हो,” एवढ्यावर विसंबून राहू नये, ते यामुळे.

आता शत्रू कोणते ते पाहू. पहिला शत्रू ऊन. आपल्याला वाळवणाची सवय. डाळी, पापड, गोधड्या, सगळ्यांना वर्षातून एकदा ऊन दाखवतो. लिहिलेल्या तबकडीला चुकूनही दाखवू नये. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा मोटारीत काचेखाली ठेवलेली तबकडी हळूहळू विटत असते.

दुसरा शत्रू उष्ण दमट हवा. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००३ साली ग्रंथपालांसाठी एक मार्गदर्शिका काढली. दीर्घकाळ ठेवायच्या तबकड्यांसाठी तीत ४ ते २० अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीला पाणी सुटते आणि चामड्याच्या चपलांना पांढरी बुरशी येते, तिथे हे प्रमाण कुठून आणणार? बुरशीवरून आठवले. २००१ साली माद्रिदचे संशोधक हाविएर गार्सिया-गिनेआ यांनी मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातून आलेली एक सीडी तपासली. तिच्यात बुरशी शिरली होती आणि तिने धातूचा थर व प्लास्टिक खाऊन वेडेवाकडे मार्ग केले होते. हे रोज घडत नाही, पण तिथली हवा आपल्या कोकणच्या पावसाळ्याची बहीण आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा शत्रू गंधक. चांदीची भांडी काळी पडतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. लिहिलेल्या पुष्कळ तबकड्यांत आरसा चांदीचाच असतो. रबरात गंधक असते, म्हणून तबकड्यांची चळत रबराने बांधून ठेवू नये. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या कितीतरी सीडी पुढे कडेपासून तांबूस होऊन निकामी झाल्या. त्यांवरचे रोगण डबीतल्या कागदातल्या गंधकापुढे टिकले नव्हते. डांबराच्या गोळ्याही त्या कपाटात नकोत, त्यांच्या वाफेने डबीचे प्लास्टिक मऊ पडते.

चौथा शत्रू, भगिनींनो, आपला पदर! धूळ दिसली की आपण पदराने पुसतो, आणि तेही भांडे घासल्यासारखे गोल गोल. पदराच्या धाग्यात अडकलेली बारीक वाळू तबकडीवर चरे पाडते. मजकुराची रेघ गोल जाते, तेव्हा गोल चरा त्याच रेघेवर लांबवर पसरतो आणि यंत्राच्या हिशेबाबाहेर जातो. आडवा चरा प्रत्येक फेरीचा एवढासाच भाग खातो, तो भरून निघतो. म्हणून पुसायचेच झाले तर मऊ, स्वच्छ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसावे, सूर्याची किरणे काढतो तसे. डाग हटेनासा झाला तर पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब पुरे. रॉकेल, थिनर, नखांचा रंग काढायचे द्रव यांना हात लावू नये. टूथपेस्टने घासण्याचा उपाय पुष्कळजण सांगतात, पण ज्या तबकडीची दुसरी प्रत नाही तिच्यावर प्रयोग नकोत.

बाकीची निगा थोडक्यात सांगते. तबकडी कडेने किंवा मधल्या भोकाशी धरावी. काम झाले की लगेच कडक डबीत घालावी आणि डबी पुस्तकासारखी उभी ठेवावी. नावाचा कागद चिकटवू नये, त्याने तोल जातो, आणि सोलून काढला तर खालचा थर निघून येतो. बॉलपेनने लिहू नये. सौम्य शाईच्या मऊ टोकाच्या पेनने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. घराच्या आतल्या खोलीतले, ओल न येणारे कपाट निवडून त्याचा मधला कप्पा तिला द्यावा. स्वयंपाकघर नको, देवघरातल्या समईजवळची फळी नको, स्लॅबखालचा तापलेला माळा नको. डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी बदलाव्यात. काहीजणी फार दक्ष असतात, त्या फ्रिजमध्ये ठेवतील. तसे करू नये, बाहेर काढताच तिला दव धरते.

इतके सारे केले म्हणजे निश्चिंत व्हावे काय? दुर्दैवाने नाही. तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकले पाहिजे.

याचे एक बोधप्रद उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. तिथे १०८६ साली राजा विल्यमने साऱ्या मुलखाची पाहणी करवून चामड्याच्या पानांवर एक मोठी नोंदवही लिहविली. ‘डूम्सडे बुक’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नव्या काळाची तशीच नोंद करायचे ठरविले. शाळाशाळांतून मुलांनी आपापल्या गावाची माहिती लिहिली, छायाचित्रे पाठविली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हात त्याला लागला. हे सारे लेसरने वाचल्या जाणाऱ्या मोठ्या तबकड्यांवर साठवले. परंतु त्या तबकड्या वाचणारे खास यंत्र महाग होते, फार खपले नाही आणि लवकरच कालबाह्य झाले. सोळा वर्षे होतात न होतात तोच हा ठेवा कायमचा अडतो की काय अशी भीती निर्माण झाली. २००२ मध्ये लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी खटपट करून तो नव्या संगणकावर उघडून दाखवला. नऊशे वर्षांची चामड्याची वही मात्र त्या वेळीही वाचता येत होती, आणि आजही येते. तबकड्या फुटल्या नव्हत्या की बुरसल्या नव्हत्या. कुलूप शाबूत होते, किल्ली मिळेना.

आपल्या तबकड्यांच्या बाबतीत किल्ल्या हळूहळू कमी होत आहेत. १९८८ साली लिहिता येणारी सीडी प्रथम तयार करणाऱ्या ताइयो युडेन या जपानी कंपनीने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसाय बंद केला. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. नव्या लॅपटॉपला तबकडी घालायची फट बहुधा नसतेच. बाहेरून जोडायचे यंत्र अजून दोन-तीन हजार रुपयांत मिळते. पण कॅसेट वाजवणारे यंत्र दुरुस्त करून घ्यायला आज किती हिंडावे लागते ते आठवा. मधे एक दगडासारख्या टिकाऊ थराची तबकडी निघाली होती. हजार वर्षे टिकेल असा तिच्याविषयी दावा होता. ती काढणारी मूळ कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तबकडी आजही मिळते आणि ती खरोखर कणखर असेलही. पण हजार वर्षांनी ती कशात घालायची, याचे उत्तर कोणाजवळ आहे?

तर मग उपाय काय? उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कोणते दही आठ दिवस टिकते? कोणतेच नाही. तरी कित्येक घरांत सासूबाईंच्या वेळचे विरजण अजून चालू असते. ते कसे टिकले? दही जपून नव्हे, रोज रात्री थोडे काढून नव्या दुधाला लावून. एखाद्या दिवशी आपले नासले तर वाटी घेऊन आपण शेजारणीकडे जातो, कारण तिचेही विरजण कधीतरी आपल्याकडूनच गेलेले असते. आठवणींचा ठेवा असाच टिकतो. अमर भांडे कुठेच मिळत नाही. बदलत राहायचे आणि वाटून ठेवायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

याचा पडताळा मला आपल्या मंडळातच आला. या भाषणाच्या तयारीसाठी मी कार्यालयातल्या लोखंडी कपाटातल्या तबकड्या काढल्या. एकंदर ४१ निघाल्या. त्यांतल्या ३३ सरळ लागल्या. ५ एका यंत्रावर अडल्या, पण दुसऱ्या जुन्या यंत्रावर लागल्या, कारण प्रत्येक यंत्राची नजर थोडी निराळी असते. हीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, एका ठिकाणी अडली म्हणून तबकडी टाकून देऊ नये. राहिलेल्या ३ मात्र कुठेच लागल्या नाहीत. त्यांतली एक आपल्या जुन्या मंगळागौरीची होती. तिच्यात आपल्या त्या वेळच्या सर्वांत वडील सभासद आजींनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. पुष्कळजणींना त्या आठवत असतील. आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या ओव्या कोणी लिहून घेतल्या नव्हत्या.

मी आजींच्या सूनबाईंना फोन केला. त्या आता लेकाकडे परगावी असतात. त्यांनी शांतपणे सांगितले, “अहो, त्या कार्यक्रमाची एक सीडी मंडळाने आम्हांलाही दिली होती. मुलाने ती केव्हाच संगणकात उतरवून ठेवली आहे.” आठ दिवसांत ती प्रत माझ्या हाती आली. परवा कार्यकारिणीच्या बैठकीत आम्ही ती लावली, तेव्हा आपल्या खजिनदारबाई डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या. मंडळाचे दही नासले होते, विरजण शेजारघरी शाबूत होते.

ओव्यांचाच विषय निघाला म्हणून सांगते. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९५ पासून बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजात मुद्रित झाल्या. कागदावरून संगणकात, फितीवरून संगणकात असा तो ठेवा पुढे पुढे नेला गेला, म्हणून आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या दफ्तरात आपण तो घरबसल्या ऐकू शकतो. ज्या बायांनी पहाटे दळताना त्या म्हटल्या त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्यांचा आवाज राहिला, कारण कोणीतरी तो पुन्हा पुन्हा नव्या भांड्यात काढून ठेवला.

तेव्हा प्रत्यक्ष काय करायचे ते सांगते. तीन प्रती कराव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. एक प्रत संगणकाच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक इंटरनेटवरच्या साठवणीत, आणि मूळ तबकडीही जपून. केवळ पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. तो वर्षानुवर्षे न वापरता पडला तर त्यातला मजकूर हळूहळू जाऊ शकतो. इंटरनेटवर ठेवले म्हणूनही झोपू नये. दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकता येईल असा नियम गुगलने २०२३ मध्ये केला आहे. म्हणून खात्याचा परवलीचा शब्द घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्यावा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली चित्रफीत म्हणजे प्रत समजू नये. ती पाठवताना आकसलेली असते.

उतरवताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. गाण्याच्या सीडीवर संगणकाला ‘सीडीए’ नावाच्या इवल्याशा फायली दिसतात. त्या उचलून ठेवल्या की पुष्कळांना वाटते, झाले काम. त्या फायली म्हणजे नुसता पत्ता असतो, घर नव्हे! गाणी वेगळी उतरवून घ्यावी लागतात. लग्नाची डीव्हीडी असेल तर तिच्यातले ‘व्हिडिओ टीएस’ हे दप्तर पूर्णच्या पूर्ण उचलावे, जुन्या व्हीसीडीतल्या ‘एमपेगएव्ही’ दप्तरातल्या फायली उचलाव्यात. उतरवल्यावर प्रत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा लावून पाहावी. आणि मूळ तबकडी लगेच टाकून देऊ नये.

यंत्राइतकीच गरज नोंदवहीची आहे. कपाटातल्या कित्येक डब्यांवर मला ‘कार्यक्रम २’ एवढेच लिहिलेले आढळले. कोणता कार्यक्रम, कोणते साल, गाणारी कोण, पेटीवर कोण? आज आपण ओळखतो. पंचवीस वर्षांनी चेहरे दिसतील पण नावे सांगणारे कोणी नसेल. म्हणून घरोघरी एक साधी वही करावी. तबकडीचा क्रमांक, तारीख, प्रसंग, त्यात दिसणाऱ्या माणसांची नावे आणि प्रती कुठे कुठे आहेत ते लिहावे. हे काम घरातल्या वडीलधाऱ्यांशेजारी बसून करावे. माणसे ओळखण्याच्या निमित्ताने जुन्या गोष्टी निघतात, त्याही लिहून घ्याव्यात.

पैठणीची घडी आपण वर्षातून एकदा मोडून नवी घालतो, नाहीतर ती घडीवरच चिरते. तसा या ठेव्यालाही वर्षातून एक दिवस ठरवावा. संक्रांत म्हणा, दसरा म्हणा. त्या दिवशी प्रती उघडून पाहाव्यात, बिघडलेल्या बदलाव्यात, आणि दर पाच-सात वर्षांनी सगळा ठेवा नव्या साधनावर घ्यावा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. कार्यकारिणीने तबकडी वाचायचे एक यंत्र आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन तास सभासदांनी आपापल्या घरच्या तबकड्या घेऊन यावे. आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली यंत्र सांभाळतील, आपण वही सांभाळू. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी संकोच करू नये. त्यांच्याच डब्यांत एकुलत्या एक प्रती असण्याचा संभव अधिक आहे. मंडळाच्या ३८ तबकड्यांची एक प्रत कार्यालयात राहील आणि एक कोणा सभासदाच्या घरी. आजींच्या ओव्या ज्यांना हव्या असतील त्यांनी माझ्याकडून जरूर घ्याव्यात. जितक्या घरी जातील तितके बरे. राहिलेल्या दोन तबकड्यांच्या डब्यांवर ‘भोंडला’ आणि ‘वार्षिक संमेलन’ एवढेच लिहिले आहे. त्या कार्यक्रमांची प्रत कोणाच्या घरी असेल तर कृपा करून कपाटात पाहावे. आज घरी गेल्यावरच पाहावे, अशी माझी विनंती आहे.